सँडबॉक्सची तुलना करायची? आधी ॲप धरा, सिस्टिम नंतर

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स यांत ॲपना कोंडून ठेवण्यात कोण वरचढ, असं विचारलं की बहुतेक जण एका सिस्टिमचं नाव घेऊन मोकळे होतात. चूक तिथेच सुरू होते. सँडबॉक्स म्हणजे ॲपभोवतीचं कुंपण. ते सिस्टिम उभारून देते, पण कुठल्या ॲपभोवती उभारायचं आणि कुठल्या नाही, हे ॲप कसं बनवलं आणि कुठून आणून बसवलं यावर ठरतं. एकाच संगणकावर शेजारी शेजारी उघडलेल्या दोन खिडक्यांपैकी एक ॲप खोलीत कोंडलेलं असतं आणि दुसरं अख्ख्या घराच्या किल्ल्या घेऊन हिंडत असतं.

म्हणून इथे प्रश्न एकच ठेवू: हे ॲप, या संगणकावर, आज जसं बसवलंय तसं, मला न विचारता कशाकशाला हात लावू शकतं? त्याचं उत्तर काढण्याचे टप्पे क्रमाने दिले आहेत. क्रम मोडू नका. परवानग्या आधी आवळून मग चाचणी घेतली, तर मूळ स्थिती काय होती हे कधीच कळत नाही.

## टप्पा १ : कशाला सँडबॉक्स म्हणायचं नाही

चार गोष्टींची सँडबॉक्सशी सतत गल्लत होते.

सही आणि ओळखपडताळणी. मॅकवरचं गेटकीपर आणि विंडोजवरचं स्मार्टस्क्रीन हे दारावरचे पहारेकरी आहेत. ॲप कुणाचं, त्यावर सही आहे का, ते ओळखीचं आहे का, एवढंच ते पाहतात. आत सोडलेल्या पाहुण्याने कुठल्या खोलीत जावं, यात ते पडत नाहीत. मॅकओएस कॅटालिनापासून (२०१९) स्टोअरबाहेरच्या ॲपना ॲपलकडून नोटरायझेशन (ॲप बाहेर पडण्याआधीची ॲपलची तपासणी) करून घ्यावं लागतं. नोटरायझेशन झालेलं ॲप सँडबॉक्समध्ये असेलच असं मात्र नाही.

यूएसी (युजर अकाउंट कंट्रोल). विंडोजवर पडदा काळवंडून "बदल करू द्यायचे का?" असा प्रश्न येतो, तो ॲडमिनचे अधिकार देण्याबद्दल असतो. "नाही" म्हटलंत तरी आधीच चालू असलेलं ॲप तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतं, कारण त्या तुमच्या आहेत आणि ॲप तुमच्या नावाने चालतंय. यूएसी ही सुरक्षेची सीमारेषा आम्ही मानत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे.

अँटिव्हायरस. तो वाईट ओळखतो, चांगल्याला कोंडत नाही.

कॅमेरा-मायक्रोफोनचे प्रश्न. यांची गल्लत सगळ्यात फसवी, कारण हे सँडबॉक्सच्या अगदी जवळ जातं. सँडबॉक्स नसलेलं ॲपही कॅमेऱ्यासाठी विचारू शकतं. त्याने एका गोष्टीसाठी विचारलं म्हणून बाकीच्या दहा गोष्टींसाठीही विचारेल, असं धरू नका.

## टप्पा २ : तयारी

हा टप्पा लोक गाळतात आणि मग निकालावरून वाद घालतात. अर्धा तास द्या.

वेगळं खातं. तिन्ही सिस्टिमवर चाचणीसाठी एक नवं, साधं खातं उघडा. ॲडमिन नको. रोजच्या खात्यात तुम्ही गेल्या तीन-चार वर्षांत कशाकशाला "होय" म्हटलंय ते तुम्हालाही आठवत नसतं, आणि ते सगळे होकार निकालात मिसळतात. मॅकवर पहिल्यांदा चाचणी घेतली तेव्हा मीच यात फसलो होतो. ज्या टर्मिनलमधून ॲप चालवत होतो, त्याला कधीकाळी 'फुल डिस्क ॲक्सेस' देऊन ठेवला होता. परवानगी बघताना मॅकओएस मूळ जबाबदार ॲप कोणतं ते बघतं, त्यामुळे टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रत्येक गोष्टीला तोच परवाना लागू झाला. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

आमिष-फाइली. चार साध्या मजकूर-फाइली बनवा. प्रत्येकीत वेगळी, सहज शोधता येईल अशी ओळ लिहा. एक डॉक्युमेंट्स फोल्डरात ठेवा, दुसरी होम फोल्डरच्या अगदी वरच्या पातळीवर, तिसरी होममधल्या एका लपलेल्या फोल्डरात (नाव ठिपक्याने सुरू होणारा) आणि चौथी पेनड्राइव्हवर. चार जागा का, ते पुढे कळेल. या चार जागांना तीन सिस्टिम सारखं वागवत नाहीत, आणि तुलनेची खरी गोम तिथेच आहे.

नोंदवही. प्रत्येक ॲपसाठी एक ओळ: नाव, आवृत्ती, कुठून घेतलं, कुंपण आहे का, कुंपणात भोकं कोणती, चार आमिषांचं काय झालं. तीच आवृत्ती तिन्हीकडे असेल तर उत्तम. नसेल तर तसं लिहून ठेवा.

सावधान: आमिषाच्या जागी खरी कागदपत्रं, पासवर्डची यादी किंवा एसएसएच किल्ल्या (दुसऱ्या संगणकात शिरण्याच्या) ठेवू नका. चाचणी यशस्वी झाली याचा अर्थ ॲपने ती वाचली, असाही होऊ शकतो.

## टप्पा ३ : मोजपट्टी तपासून घ्या

तराजू वापरण्याआधी त्यात ओळखीचं वजन टाकून बघतात. इथेही ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशी ॲप पहिल्यांदा मोजा.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'प्रोसेस एक्सप्लोरर' घ्या. स्तंभाच्या शीर्षकावर उजवी क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स' निवडा आणि 'इंटेग्रिटी लेव्हल' (चालू ॲपला सिस्टिम किती विश्वासाने वागवते ती पातळी) हा स्तंभ जोडा. आता कॅल्क्युलेटर उघडा: समोर 'ॲपकंटेनर' (विंडोजचा सँडबॉक्स) दिसायला हवं. मग विंडोज ११ चं नोटपॅड उघडा: 'मीडियम' (नेहमीचे, मोकळे अधिकार) दिसेल. दोन्हींचे अपडेट स्टोअरमधूनच येतात, तरी एक कुंपणात आहे आणि दुसरं मोकळं. एवढ्या एका पाहणीने "स्टोअरमधलं म्हणजे सँडबॉक्समधलं" हा समज मोडतो.

मॅकवर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' उघडा. 'व्ह्यू' मेन्यूतल्या 'कॉलम्स'मध्ये जाऊन 'सँडबॉक्स' स्तंभ चालू करा. टेक्स्टएडिटपुढे 'येस' यायला हवं, टर्मिनलपुढे 'नो'.

लिनक्सवर असा सर्वांसाठी एकच स्तंभ नाही, आणि तिथलं काम लांबण्याचं कारणही तेच. ओळखीचं वजन म्हणून क्रोमियम जातीचा ब्राउझर घ्या. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि सँडबॉक्स असं (अर्थात रोमन अक्षरांत) लिहा. उघडलेल्या पानावर नेमस्पेस (ॲपला सिस्टिमचा वेगळा तुकडाच दाखवणारा) आणि सेकॉम्प-बीपीएफ (कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय मागता येईल ते आवळणारा) हे दोन्ही थर चालू दिसायला हवेत. फायरफॉक्समध्ये हीच माहिती 'अबाउट:सपोर्ट' पानावरच्या सँडबॉक्स विभागात मिळते.

ब्राउझरबद्दल एक गोष्ट आताच लक्षात घ्या, नाहीतर पुढे गोंधळ होतो. ब्राउझर आपल्याच पोटात सँडबॉक्स बांधतो. वेबपान दाखवणारी प्रक्रिया (ॲपचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) घट्ट कोंडलेली, तर मुख्य प्रक्रिया बरीच मोकळी असते. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये क्रोमची मुख्य प्रक्रिया 'मीडियम' आणि पानं रंगवणाऱ्या प्रक्रिया 'अनट्रस्टेड' दिसतात. म्हणजे वाईट वेबपानापासून बचाव आहे, पण ब्राउझरने स्वतःहून तुमच्या फाइली वाचायचं ठरवलं तर नाही.

पडताळणी: ओळखीच्या ॲपचं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं नाही, तर पुढे जाऊ नका. स्तंभ चुकीचा निवडला असेल, किंवा प्रोसेस एक्सप्लोरर साध्या खात्यात चालत असल्याने त्याला दुसऱ्या खात्याच्या प्रक्रियांची माहिती मिळत नसेल.

## टप्पा ४ : प्रत्येक ॲप आलं कुठून, ते लिहा

ॲपचं नाव पुरेसं नाही. व्हीएस कोड (प्रोग्रॅम लिहिण्याचा एडिटर) घ्या. विंडोजवर ते मोकळं चालतं. उबुंटू या लिनक्स वितरणावर स्नॅप (उबुंटूचा ॲप-पॅकेजचा प्रकार) म्हणून घेतलं तर ते 'क्लासिक' प्रकारचं स्नॅप आहे, म्हणजे कुंपण नसलेलं. वितरणाच्या नेहमीच्या पॅकेजमधून घेतलं तरीही मोकळंच. "स्नॅपमधून घेतलं, म्हणजे बंदिस्त आहे" असं धरून चालणारे बरेच जण याच ॲपवर घसरतात.

लिनक्सवरच्या ॲपइमेज या प्रकाराबद्दल तर हटकून गैरसमज होतो. सगळं एका फाइलीत गुंडाळलेलं असल्यामुळे ते आपोआप वेगळं चालत असेल, असं वाटतं. पण गुंडाळणं म्हणजे कोंडणं नव्हे. ॲपइमेजला स्वतःचं कुंपण नसतं.

## टप्पा ५ : विंडोज

विंडोजवर काम लवकर संपतं, कारण बहुतेक ओळींपुढे एकच शब्द येतो: 'मीडियम'. ॲपकंटेनर २०१२ साली विंडोज ८ सोबत आलं. पण लोक रोज वापरतात ती बरीचशी डेस्कटॉप ॲप त्याच्या बाहेरच चालतात.

१. ॲप चालू ठेवून इंटेग्रिटी लेव्हल नोंदवा.

२. ॲप स्टोअरमधलं असेल तर त्याच्या पानावरची परवानग्यांची यादी वाचा. सिस्टिमची सगळी साधनं वापरतं, अशा अर्थाची ओळ दिसली की ते पूर्ण विश्वासाने चालणारं डेस्कटॉप ॲप आहे, फक्त वेष्टन नवं.

३. 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त कॅमेरा आणि मायक्रोफोनची पानं उघडा. स्टोअरच्या ॲपना प्रत्येकी स्वतंत्र बटण आहे, मोकळ्या डेस्कटॉप ॲपना मिळून एकच. एकाला बंद करायचं तर सगळ्यांना बंद करावं लागतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'लो' हा शब्द बघून निर्धास्त होणं. इंटेग्रिटी लेव्हलचा मूळ नियम वर लिहिण्यावर बंदी घालतो, वाचण्यावर नाही. 'लो' पातळीवरचं ॲप तुमच्या फाइली बदलू शकत नसलं, तरी त्या वाचू शकतं. वाचणंही रोखायचं तर ॲपकंटेनर हवं, किंवा क्रोमसारखा स्वतः अधिकार कापून घेणारा ब्राउझर.

हे नुसतं पुस्तकी नाही. तुमच्या नावाने चालणारं कुठलंही 'मीडियम' ॲप ब्राउझरची कुकीजची (लॉगिनच्या खुणांची) फाइल उचलू शकत होतं आणि विंडोजकडूनच ती उलगडून घेऊ शकत होतं, कारण विंडोजच्या लेखी मागणारे तुम्हीच. हे अवघड व्हावं म्हणून क्रोमने २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत कुकीजचं कुलूप ॲपच्या ओळखीशी बांधलं. सिस्टिमने कुंपण दिलं नाही की ॲपला स्वतःचं कुलूप असं आणावं लागतं.

## टप्पा ६ : मॅकओएस

मॅकवर दोन वेगळ्या यंत्रणा एकमेकींवर चढवलेल्या आहेत. त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही.

पहिली ॲप सँडबॉक्स. मॅक ॲप स्टोअरमध्ये यायचं तर जून २०१२ पासून ती सक्तीची आहे. स्टोअरबाहेर बनवणाऱ्याची मर्जी. सँडबॉक्समधल्या ॲपचा संसार लायब्ररीतल्या 'कंटेनर्स' फोल्डरात असतो. तुम्ही 'ओपन'च्या चौकटीतून निवडलेली फाइल तेवढी त्याला मिळते.

दुसरी यंत्रणा टीसीसी, म्हणजे "अमुक ॲपला डॉक्युमेंट्स फोल्डर बघायचं आहे" असे प्रश्न विचारणारी. ही सँडबॉक्स नसलेल्या ॲपनाही लागू होते, आणि मॅकचं पारडं इथेच जड होतं. मोकळ्या ॲपलाही डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, काढता येणाऱ्या डिस्क, पडद्याचं चित्रण, कळा टिपणं या गोष्टींसाठी विचारावं लागतं. यातलं बरंचसं कॅटालिनापासून आलं.

मात्र पहारा ठरावीक दारांवरच आहे. होम फोल्डरच्या वरच्या पातळीवर ठेवलेली फाइल किंवा लपलेल्या फोल्डरातली एसएसएच किल्ली मोकळं ॲप न विचारता वाचतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आमिषाचं प्रयोजन हेच. डॉक्युमेंट्सवर प्रश्न आला म्हणून सगळीकडे येईल असं मानणं, ही मॅकवाल्यांची ठरलेली चूक.

क्रम असा ठेवा: आधी सँडबॉक्स स्तंभ बघा. मग 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'फुल डिस्क ॲक्सेस', 'ॲक्सेसिबिलिटी', 'इनपुट मॉनिटरिंग' आणि पडदा-चित्रण या चार याद्या वाचा. शेवटी 'फाइल्स अँड फोल्डर्स'.

सावधान: 'ॲक्सेसिबिलिटी' नाव सौम्य आहे, पण त्या यादीतलं ॲप तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं, दुसऱ्या ॲपच्या खिडक्या हाताळू शकतं. यादीत विसरलेलं, वर्षभर न उघडलेलं काहीतरी सापडतंच. चाचणीआधी काढू नका, नोंद करा. काढण्याची पाळी पुढे आहे.

मॅकओएस सेक्वोयापासून (२०२४) नोटरायझेशन नसलेलं ॲप कंट्रोल-क्लिक करून उघडण्याची पळवाट बंद झाली. आता सेटिंग्जमध्ये जाऊन 'ओपन एनीवे' म्हणावं लागतं. हा अडथळा दारावरचा आहे, कुंपणाचा नाही. टप्पा १ आठवा.

## टप्पा ७ : लिनक्स

इथे थांबून, नीट वाचून काम करावं लागतं. तिन्हींमध्ये सगळ्यात घट्ट कुंपण इथे घालता येतं आणि सगळ्यात मोकळं रानही इथेच आहे. दोन्ही एकाच पडद्यावर.

७.१ आधी खिडक्यांची व्यवस्था बघा. नोम या डेस्कटॉपवर 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाउट' पानावर 'विंडोइंग सिस्टिम' काय आहे ते दिसतं. एक्स११ (खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) असेल तर बाकीची मेहनत अर्धी वाया: एक्स११ वर कुठलंही ॲप दुसऱ्या ॲपमध्ये टंकलेल्या कळा टिपू शकतं आणि पडदा बघू शकतं. वेलँड (नवी व्यवस्था) असेल तर ही वाट बंद आहे. पण जी जुनी ॲप एक्सवेलँडमार्फत (वेलँडवर एक्स११ ची ॲप चालवणारा दुवा) चालतात, ती आपापसांत अजूनही डोकावू शकतात.

७.२ नेहमीचं पॅकेज. वितरणाच्या भांडारातून आलेल्या बहुतेक ग्राफिकल ॲपना कुंपण नसतं. काहींना ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स या कर्नलमधल्या पहाऱ्यांचा आराखडा असतो, पण तो आहे असं गृहीत धरू नका. वहीत "मोकळं" लिहा. मॅकसारखे प्रश्नही इथे येत नाहीत, चारही आमिषं वाचली जातील.

७.३ स्नॅप. 'स्ट्रिक्ट', 'क्लासिक' की 'डेव्हमोड', ते बघा. फक्त पहिल्यालाच कुंपण आहे. स्ट्रिक्ट स्नॅपला उबुंटूवर 'होम' जोडणी साधारणपणे आपोआप मिळते, तेव्हा होममधल्या साध्या फाइली दिसतात, वरच्या पातळीवरच्या लपलेल्या नाहीत. पेनड्राइव्हची जोडणी वेगळी आणि ती आपोआप मिळत नाही. पेनड्राइव्हवरची फाइल उघडत नाही म्हणून ॲप बिघडलं समजणारे आणि पुन्हा पुन्हा बसवणारे पुष्कळ आहेत. तात्पुरत्या फाइलींचा फोल्डरही स्नॅपला स्वतःचा मिळतो, तिथे साठवलेली फाइल बाहेरच्या 'टीएमपी'त शोधत बसू नका.

स्नॅपचं हे कुंपण ॲपआर्मरवर उभं आहे. फेडोरासारख्या एसईलिनक्स वापरणाऱ्या वितरणावर तेच स्ट्रिक्ट स्नॅप पूर्ण कोंडलं जात नाही. एका संगणकावरचा निकाल दुसऱ्यावर तसाच उतरवू नका.

७.४ फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक (वेगवेगळ्या वितरणांवर चालणारं ॲप-पॅकेज) बबलरॅप नावाचं साधन, नेमस्पेस आणि सेकॉम्प यांनी कुंपण घालतं आणि फाइल उघडण्यासाठी 'पोर्टल' (सिस्टिमने दाखवलेली फाइल-निवडीची चौकट) देतं. तत्त्वतः उत्तम. पण प्रत्येक ॲपचा बांधणारा त्यात भोकं ठेवू शकतो आणि ती बसवतानाच मंजूर होतात. म्हणून 'फ्लॅटसील' हे परवानग्या दाखवणारं ॲप बसवा, किंवा केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर ५.२७ पासून पुढे सिस्टिम सेटिंग्जमध्येच हे पान आहे. या क्रमाने बघा:

- सेशन बसच्या (ॲप एकमेकांशी बोलतात त्या मार्गाच्या) 'टॉक्स' यादीत फ्लॅटपॅकचीच सेवा आहे का? असेल तर ॲप कुंपणाबाहेर हवी ती आज्ञा चालवू शकतं. पुढचं काही बघण्याची गरज नाही, "मोकळं" लिहा.
- 'ऑल सिस्टिम फाइल्स' किंवा 'ऑल युजर फाइल्स' चालू आहे का? नुसतं वाचण्यापुरतं नसेल, तर हे कुंपण नावापुरतंच. ॲप तुमच्या शेलच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फाइलीत एक ओळ घुसवेल आणि पुढच्या वेळी टर्मिनल उघडताच ती बाहेर चालेल.
- 'एक्स११' चालू आहे का? 'फॉलबॅक एक्स११' असेल तर वेलँडवर चिंता नाही, कारण ते वेलँड नसतानाच वापरलं जातं.
- 'ऑल डिव्हाइसेस' चालू आहे का?
- 'पल्सऑडिओ' चालू आहे का? गाणं ऐकवण्याच्या याच परवानगीत मायक्रोफोनही येतो, दोन्हींची फोड करता येत नाही. ही त्रुटी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

७.५ सँडबॉक्सच बंद करून ॲप चालवण्याची सवय. उबुंटू २४.०४ पासून साध्या वापरकर्त्याच्या प्रक्रियांना नेमस्पेस बनवण्यावर ॲपआर्मरची बंधनं आली. त्यामुळे क्रोमियमवर बांधलेली काही ॲपइमेज उघडेनाशी झाली. शोधलं की पहिला सल्ला मिळतो: ॲप सुरू करताना 'नो-सँडबॉक्स' हा पर्याय जोडा. ॲप उघडतंही. पण तुम्ही अनोळखी मजकूर रंगवणाऱ्या भागाचं कुंपणच पाडलेलं असतं. त्यापेक्षा त्या ॲपसाठी ॲपआर्मरचा छोटा आराखडा लिहा, किंवा त्याच ॲपचं वेगळं पॅकेज घ्या. जुने शॉर्टकट तपासा, हा पर्याय वर्षानुवर्षं तिथे चिकटून राहतो.

## टप्पा ८ : आमिष-चाचणी

आता कागदावरच्या उत्तरांना प्रत्यक्ष ताडून बघा. इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. लोक ॲप उघडतात, 'ओपन' दाबतात, डॉक्युमेंट्समधली फाइल निवडतात, ती उघडते, आणि ते म्हणतात, "सँडबॉक्स चालत नाही."

तो व्यवस्थित चालतोय. 'ओपन'ची ती चौकट सँडबॉक्समधलं ॲप दाखवत नाही, सिस्टिम दाखवते. तुम्ही हाताने फाइल निवडलीत, हीच परवानगी. फाइल ओढून ॲपवर टाकणं आणि दोनदा क्लिक करून उघडणं, यांचंही तेच. ॲपने तुमच्या निवडीशिवाय फाइल गाठायला हवी, तरच ती चाचणी.

ते घडवून आणायच्या वाटा:

- एडिटर असेल तर त्याच्या पोटातलं टर्मिनल उघडा आणि तिथून आमिष वाचा.
- संगीत किंवा छायाचित्रांचं ॲप असेल तर "संग्रह शोध" सुरू करा आणि न सांगितलेल्या फोल्डरातलं काही उचलतं का ते बघा. यासाठी आमिष म्हणून चित्र किंवा ध्वनिफीत ठेवा.
- फ्लॅटपॅकसाठी हुकमी उपाय आहे. 'रन' या उपआज्ञेला 'कमांड' पर्याय देऊन ॲपऐवजी शेल सुरू करता येतो. मग तुम्ही त्याच कुंपणाच्या आत उभे असता, आणि चारही आमिषं स्वतः वाचायचा प्रयत्न करू शकता.

प्रत्येक आमिषापुढे तीनपैकी एक लिहा: न विचारता वाचली, विचारून वाचली, वाचता आली नाही. चौथा पर्याय नाही.

पडताळणी: "वाचता आली नाही" आलं तर तीच फाइल मोकळ्या ॲपमधून उघडून बघा. कधी कधी फाइलीचा रस्ताच चुकीचा लिहिलेला असतो, आणि आपण कुंपणाची वाहवा करत बसतो.

## टप्पा ९ : तुलना मांडा

वही भरली की चित्र बरंचसं असं दिसतं. मोकळ्या ॲपच्या बाबतीत मॅक पुढे आहे, कारण निदान काही दारांवर तरी प्रश्न येतो. विंडोज आणि लिनक्सवर मोकळं ॲप बहुधा न विचारता सगळं वाचतं. कोंडलेल्या ॲपच्या बाबतीत तिन्ही चांगल्या आहेत, पण कुंपणाची आखणी कुणाच्या हातात, यात फरक आहे. मॅक आणि विंडोजवर ती ॲप बनवणाऱ्याच्या हातात असते, तुम्ही समोर आलेल्या प्रश्नांना हो किंवा नाही म्हणता. फ्लॅटपॅकमध्ये आखणीच तुम्हाला बदलता येते. ॲपचं इंटरनेट तोडायचं तर फ्लॅटसीलमध्ये एक कळ खाली करायची. मॅकवर सँडबॉक्समधल्या ॲपला जाळं वापरू द्यायचं की नाही हे त्याच्या सहीतच कोरलेलं असतं.

माझं मत विचाराल तर, ज्याला सेटिंग्जमध्ये शिरायचं नाही त्याने मॅकवर स्टोअरची ॲप वापरावीत. ज्याची बसून वाचायची तयारी आहे, त्याला वेलँडवर निवडक फ्लॅटपॅक जास्त देतील. विंडोजवर ॲपपेक्षा खात्यांनी आणि पुढच्या टप्प्यातल्या साधनांनी भिंती घालणं शहाणपणाचं.

एक मर्यादा तिन्हीकडे सारखी: सगळी ॲप एकाच कर्नलवर उभी असतात. कर्नलमध्येच फट सापडली तर कुंपण पार होतं. ती जोखीम परवडत नसेल तर वेगळ्या आभासी संगणकात काम करावं लागतं. क्युब्झ ओएस ही सिस्टिम झेन या आभासी संगणक चालवणाऱ्या साधनाच्या आधारे कामागणिक वेगळी यंत्रं उभी करते, ती याच कारणासाठी. बहुतेकांना तेवढ्याची गरज नसते.

## टप्पा १० : आता आवळा

एका वेळी एकच परवानगी काढा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, मग चाचणी घ्या. चालू ॲपला नवा नियम लागू होत नाही, आणि पाच कळा एकदम खाली केल्या तर ॲप कशामुळे रुसलं ते कळत नाही. फ्लॅटसीलमध्ये 'रिसेट' आहे, घाबरू नका.

मॅकवर 'फुल डिस्क ॲक्सेस'च्या यादीपासून सुरुवात करा. टर्मिनल त्यात असेल तर आधी ते काढा.

विंडोजवर 'विंडोज सिक्युरिटी'मधल्या रॅन्समवेअर विभागात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आहे, मुळात बंद असतं. चालू केल्यावर अनोळखी ॲपना ठरावीक फोल्डरांत बदल करता येत नाहीत. वाचणं मात्र थांबत नाही.

शंकास्पद ॲपसाठी 'विंडोज सँडबॉक्स' वापरा. २०१९ पासून प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत आहे, होममध्ये नाही. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मधून चालू होतो, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं.

सावधान: यात इंटरनेट आणि क्लिपबोर्ड दोन्ही मुळात चालू असतात. बाहेर पासवर्ड कॉपी केला असेल तर आतल्या ॲपला तो मिळू शकतो. बाहेरचा फोल्डर आत जोडलात तर तोही लिहिण्याच्या परवानगीसह जोडला जातो, फक्त वाचण्यापुरता हवा असेल तर तसं मांडणी-फाइलीत स्पष्ट लिहावं लागतं. शंकेचं ॲप आत टाकण्याआधी इंटरनेट आणि क्लिपबोर्ड बंद असलेली मांडणी-फाइल बनवून ठेवा आणि दर वेळी तिच्यावरच क्लिक करून सुरू करा.

आवळून झालं की चारही आमिषं पुन्हा तपासा आणि वहीत नवा रकाना काढा. ॲपची मोठी आवृत्ती आली, पॅकेजचा प्रकार बदलला किंवा सिस्टिम वरच्या आवृत्तीला गेली की त्या ॲपपुरते टप्पे ४ ते ८ परत करा. फ्लॅटपॅक अपडेट करताना नव्या परवानग्यांची यादी समोर आली, तर 'वाय' दाबण्याआधी ती वाचा.